फॉर्मवरचा ‘कारण’ हा रकाना

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम तसंच राहिलं. चार महिन्यांपूर्वी नवऱ्यापासून वेगळ्या झालात, कौटुंबिक न्यायालयात केस चालू आहे, मोबाइल नंबर तुमच्याच नावावर. तरी प्लॅन दोनदा आपोआप बदलला, कॉल भलत्याच नंबरवर वळायला लागले आणि गेल्या सोमवारी सिमच बंद पडलं. मोबाइल कंपनी म्हणते, विनंती तुमच्याकडूनच आली होती. आता आधी पोलिसांत जाऊ की कंपनीत, असं तुम्ही विचारलंय. 2023 मध्ये माझ्याबाबतीत जवळजवळ हेच झालं, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी वकील नाही. कायद्याचं जे लिहीन ते तुमच्या वकिलांना विचारूनच पुढे न्या.

पासवर्ड बदलणं, बँकेत कळवणं हे तुम्ही केलंच असणार, त्यात शिरत नाही.

मी घरी आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. पाटीवर, पत्रकांवर सगळीकडे तोच नंबर. त्या दिवशी एका मुलीची आई जिना चढून वर आली. “टीचर, सकाळपासून फोन लावतेय, बंद येतोय.” बघितलं तर रेंजच्या जागी फुली. वर्ग सोडून तशीच मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेले. खिडकीवरच्या मुलीने आधार कार्ड बघितलं, फोटो काढला आणि वीस मिनिटांत नवं सिम हातात दिलं. मला इतकं हायसं वाटलं, की तिने पेन्सिलने जिथे जिथे फुली मारली होती तिथे तिथे सह्या करून मी निघाले. त्या फॉर्मवर ‘सिम बदलण्याचे कारण’ असा एक रकाना होता आणि त्यात तिने आधीच ‘सिम खराब’ असं लिहून ठेवलं होतं.

मला सगळ्यात महागात पडलं ते हेच. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या एका दुकानातून माझ्या नावाने डुप्लिकेट सिम निघालं होतं. आमच्या गृहकर्जाच्या फाइलमध्ये माझ्या आधारच्या झेरॉक्स होत्या आणि ती फाइल वेगळ्या झालेल्या नवऱ्याकडेच राहिली होती. पण कंपनीच्या नोंदीत काय दिसत होतं? ग्राहकाने लागोपाठ दोनदा सिम बदलून घेतलं, दुसऱ्यांदा तर स्वतः येऊन ‘खराब’ म्हणून सही केली. पोलीस ठाण्यात गेले तर समोरच्या हवालदाराने तो कागद माझ्याकडेच फिरवला. “मॅडम, तुम्हीच लिहून दिलंय ना खराब झालं म्हणून? आणि नवरा-बायकोचं भांडण आहे, घरगुती मॅटर आहे.” एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची साधी नोंदसुद्धा घेतली नाही. अर्जावर शिक्का मिळायला तीन खेपा झाल्या. खेपांचा खर्च झाला किंवा वेळ गेला याचं मला एवढं वाटत नाही. माझ्या फोनचा ताबा दुसऱ्याने घेतला होता, माझे मेसेज त्याच्या हातात जाणार होते आणि टेबलापलीकडच्या माणसाला ते भांड्याला भांडं लागल्यासारखं वाटत होतं, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: आधी कंपनी, पण तोंडी नाही. सिम अजून परत घेतलं नसेल तर फॉर्मवर कारण स्वतःच्या हाताने लिहा, ‘माझ्या संमतीशिवाय माझ्या नावाने सिम बदलले गेले’. ऐकत नसतील तर सहीच्या वर तेवढं एक वाक्य लिहा आणि फॉर्मचा फोटो काढा. सिम आधीच घेतलं असेल तर आजच ईमेलने तक्रार करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्या. डॉकेट नंबर नसेल तर तक्रार झालीच नाही असं समजा. मी पहिल्या दिवशी काउंटरवर दहा मिनिटं सांगत होते, त्यातलं एक अक्षर कुठे नोंदलेलं नव्हतं.

त्याच ईमेलमध्ये लेखी कळवा, की सिम बदलण्याची, प्लॅनची आणि कॉल फॉरवर्डिंगची (कॉल दुसरीकडे वळवण्याची) विनंती कधी, कुठल्या मार्गाने आली त्याच्या नोंदी, त्या वेळचा फॉर्म, ग्राहकाचा म्हणून घेतलेला फोटो आणि दुकानातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा. हे सगळं ते तुम्हाला देतीलच असं नाही, पण पोलीस किंवा कोर्ट मागवू शकतं (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं कलम 91 होतं, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे बीएनएसएसचं 94). माझ्या वेळी त्या दुकानातलं फुटेज महिन्याभराने पुसलं जायचं आणि मी पत्र लिहिलं सातव्या आठवड्यात.

कंपनीच्या उत्तराने समाधान झालं नाही तर तिच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करता येतं आणि त्यांनी 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे पत्रं लिहिण्यात मी दोन आठवडे घालवले. ग्राहक आयोगाचा रस्ता उघडा आहे. टेलिकॉमच्या तक्रारी तिथे चालतात असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

आता पोलिसांचं. ‘घरगुती’ म्हणाले तर ओळख चोरीचा शब्द वापरा, आयटी कायद्याचं कलम 66सी. तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, म्हणून काउंटरवर वाद न घालता थेट निरीक्षकांना भेटायला मागा. सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंद करा. 1930 हा नंबर पैसे गेले असतील तर आहे, तेव्हा पैसे गेले असतील तर एक मिनिट थांबू नका. माझे गेले नाहीत, कारण नव्या सिमवर पहिले 24 तास एसएमएस बंद असतात. ओटीपी येत नाहीत म्हणून मी त्या दिवशी चिडले होते, पण त्याच्या सिमवरही त्यामुळेच काही आलं नाही.

एक गोष्ट लोक लक्षात घेत नाहीत असं माझं ठाम मत आहे. ही सगळी सुरक्षा अनोळखी चोरासाठी बनवलेली आहे. जन्मतारीख, आईचं नाव, आधारचे शेवटचे चार आकडे हे चोराला शोधावे लागतात. ज्याच्याबरोबर नऊ वर्षं संसार केला त्याला ते पाठच असतात. म्हणून खात्यावरचा पर्यायी नंबर आणि बिलाचा ईमेल कुणाचा आहे ते बघा. माझा ईमेल त्यानेच लग्नानंतर उघडून दिला होता आणि दर महिन्याचं तपशीलवार बिल त्याला दिसत होतं. मी वकिलांशी कुठल्या दिवशी किती मिनिटं बोलले हे त्याच्या बाजूला माहीत होतं, आणि मी आपल्याच माणसांवर संशय घेत बसले होते. बहिणीशी महिनाभर नीट बोलले नाही.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. यापुढे झेरॉक्स द्यावीच लागली तर मास्क्ड आधार (पहिले आठ आकडे झाकलेलं) द्या. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, तेही एकदा बघा. माझ्या नावावर एक जास्तीचं निघालं. व्हॉट्सअ‍ॅपचं ‘लिंक्ड डिव्हायसेस’ बघायला विसरू नका, तिथे जुना लॅपटॉप जोडलेला असतो. कंपनी बदलायचा विचार असेल तर थोडं थांबा, सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट होत नाही.

तुमची डी.व्ही. (कौटुंबिक हिंसाचाराची) केस असेल तर संरक्षण आदेशाच्या अर्जात हे सगळं घालता येतं का ते वकिलांना विचारा. आमच्या वकिलांनी तसं केलं आणि त्यानंतरच पोलिसांनी कंपनीकडून कागद मागवले. डुप्लिकेट सिमच्या फॉर्मवर माझ्या नावाची सही होती. माझ्या ‘श’ला गाठ असते, त्या सहीतल्या ‘श’ला नव्हती.

बुधवारी कोर्टाची तारीख आहे म्हणालात. फॉरवर्डिंग अजून चालू असेल तर लगेच बंद करू नका. आधी *#21# लावा, कॉल कुठे वळतायत ते पडद्यावर येईल. दोन सिमचा फोन असेल तर त्याच सिमवरून लावा. नंबर पूर्ण दिसेल आणि वरची तारीख-वेळही येईल असा स्क्रीनशॉट घ्या, शक्यतो दुसऱ्या फोनने त्याचा व्हिडिओही काढा. मग ##002# लावून सगळं रद्द करा. तो स्क्रीनशॉट आणि डॉकेट नंबरची प्रिंट मंगळवारीच वकिलांकडे पोहोचवा.