वाचकांचे प्रश्न : बोर्ड नेटवर्कवरून बूट करताना

प्रश्न : बीगलबोन ब्लॅक या छोट्या लिनक्स बोर्डावर दर वेळी मेमरी कार्ड काढून नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) कॉपी करण्यापेक्षा बरं म्हणून लॅपटॉपवर टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल देण्याची साधी पद्धत) सर्व्हर उभारला. यू-बूटमध्ये (कर्नल चढवणारा बोर्डावरचा छोटा प्रोग्रॅम) डीएचसीपी कमांड (नेटवर्कवरून आयपी पत्ता मागणारी) दिली की पत्ता मिळतो, पण पुढे नुसती टी टी टी अशी अक्षरं उमटत राहतात. त्याच लॅपटॉपवरून तपासलं तर सर्व्हर व्यवस्थित फाइल देतो. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली)

उत्तर : प्रत्येक टी म्हणजे एक टाइमआउट : बोर्डाने मागणी पाठवली, उत्तर आलं नाही. पत्ता मिळाला आहे, त्यामुळे केबल, स्विच आणि बोर्डावरची इथरनेटची चिप यांच्यात दोष शोधू नका. टी उमटायला लागण्याआधीची ओळ वाचा. बोर्ड कोणत्या सर्व्हरकडे फाइल मागतोय ते तिथे छापलेलं असतं. तिथे लॅपटॉपऐवजी राउटरचा पत्ता दिसण्याची शक्यता बरीच आहे. बरेच घरगुती राउटर डीएचसीपीच्या उत्तरात फाइल देणारा म्हणून स्वतःचाच पत्ता भरतात, आणि यू-बूट तो निमूटपणे सर्व्हरआयपी या व्हेरिएबलमध्ये लिहून टाकतं. तुम्ही आधी भरलेला पत्ता त्यात पुसला जातो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी ऑटोलोडला (पत्ता मिळताच फाइल आपोआप मागायची का, हे ठरवणारं व्हेरिएबल) 'नो' ही किंमत द्या, मग डीएचसीपी चालवा, त्यानंतर सर्व्हरआयपीमध्ये लॅपटॉपचा पत्ता भरा आणि शेवटी टीएफटीपी कमांड द्या.

पत्ता बरोबर असूनही टी थांबत नसतील तर लॅपटॉपची फायरवॉल बघा. त्याच यंत्रावरून केलेली तपासणी सहसा फायरवॉलच्या नियमांत अडकतच नाही, त्यामुळे ती इथे पुरावा धरता येत नाही. यूडीपी (टीएफटीपी ज्यावर चालतं ती वाहतूक पद्धत) याचं ६९ क्रमांकाचं पोर्ट उघडा. दुसऱ्या लॅपटॉपवरून तपासणार असाल तर तपासापुरती त्याची फायरवॉल बंद ठेवा : टीएफटीपीत मागणी ६९वर जाते, पण उत्तर सर्व्हरच्या दुसऱ्याच पोर्टवरून येतं आणि मागणी करणाऱ्याची फायरवॉल ते परकं समजून टाकून देते. म्हणजे सर्व्हर ठणठणीत असताना तो बिघडलाय असं वाटेल. सगळ्यात खात्रीचं म्हणजे लॅपटॉपवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारी कमांड) लावून फक्त ६९ पोर्टवर नव्हे, तर बोर्डाच्या पत्त्याशी होणाऱ्या सगळ्या देवाणघेवाणीवर नजर ठेवणं. मागणी दिसलीच नाही तर बोर्ड चुकीच्या दारात उभा आहे. दिसली पण उत्तर गेलं नाही, तर दोष फायरवॉलचा किंवा बंद पडलेल्या सेवेचा. फाइलचं नाव चुकलं असेल तर टी उमटत नाहीत, फाइल सापडली नाही असा स्पष्ट संदेश येतो.

प्रश्न : माझा कर्नल आणि डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणते भाग आहेत ते कर्नलला सांगणारी फाइल) दोन्ही टीएफटीपीने उतरतात. 'स्टार्टिंग कर्नल' छापलं जातं आणि मग शांतता. एकदा कसाबसा पुढे गेला, तर एनएफएसवरचं (नेटवर्कवरून वाटलेल्या डिरेक्टरीतलं) रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टिम, माउंट होत नाही म्हणाला. बोर्ड बीगलबोन ब्लॅकच. (नाशिक)

उत्तर : नेटवर्क बूटमधली एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की यातले बहुतेक गोंधळ सुटतात. यू-बूटला मिळालेला आयपी पत्ता कर्नलला आपोआप मिळत नाही. यू-बूट स्वतःसाठी पत्ता घेतं, कर्नल सुरू झाला की तो नव्याने घेतो, आणि कर्नलने रूट माउंट केल्यावर आतली प्रणाली तिसऱ्यांदा नेटवर्कला हात लावते. बूटरॉमपासूनच (चिपमध्ये कोरलेला पहिला प्रोग्रॅम) नेटवर्कने सुरुवात केली असेल तर त्याचीही एक फेरी आधी होते. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या कारणाने अडू शकते. म्हणून सिरियल कन्सोलवरचा (सिरियल केबलने लॅपटॉपवर दिसणारा) शेवटचा संदेश कोणी छापला, हे आधी ठरवा.

तुमच्याकडे शेवटचा आवाज यू-बूटचा आहे. अशा शांततेत बऱ्याचदा कर्नल चालू असतो, फक्त कन्सोलचं नाव चुकलेलं असतं. जुन्या कर्नलमध्ये या बोर्डाचं सिरियल पोर्ट टीटीवाय-ओ-शून्य या नावाने यायचं, नव्या ड्रायव्हरमध्ये ते टीटीवाय-एस-शून्य झालं. इंटरनेटवरून उचललेल्या बूटआर्ग्जमध्ये (यू-बूट कर्नलला देतं त्या सूचनांची ओळ) जुनं नाव हमखास सापडतं. बूटआर्ग्जमध्ये 'अर्लीकॉन' हा शब्द घालून बघा, म्हणजे मुख्य ड्रायव्हर उठण्याआधीचे संदेशही दिसतील. तरीही काही दिसलं नाही तर पत्ते तपासा. या बोर्डाची रॅम हेक्स ८००००००० पासून सुरू होते. कर्नल ८२०००००० वर आणि डिव्हाइस ट्री ८८०००००० वर ठेवायची पद्धत आहे. दोन्ही जवळजवळ ठेवले तर कर्नल स्वतःला उलगडताना डिव्हाइस ट्रीवर पसरतो आणि काही न बोलता मरतो. हाताने आकडे टाइप करण्यापेक्षा यू-बूटमधली लोडॲड्र आणि एफडीटीॲड्र ही तयार व्हेरिएबल्स वापरा. डिव्हाइस ट्री त्याच कर्नलसोबत बांधलेली हवी, मागच्या वर्षीची नको.

आता एनएफएस. कर्नल बांधताना तीन गोष्टी आतच असायला हव्यात : एनएफएसवरून रूट घेण्याची सोय, कर्नल पातळीवरचं डीएचसीपी, आणि इथरनेटचा ड्रायव्हर. ड्रायव्हर मॉड्यूल (कर्नलबाहेरची वेगळी फाइल) म्हणून बांधला असेल तर तो ज्या रूटमध्ये ठेवलाय तिथपर्यंत पोहोचायलाच तो लागतो, म्हणजे रस्ता बंद. बूटआर्ग्जमध्ये आयपीला डीएचसीपी ही किंमत द्या, आणि एनएफएसरूटमध्ये सर्व्हरचा पत्ता व डिरेक्टरी लिहिल्यावर स्वल्पविराम देऊन व्ही३ आणि टीसीपी हे पर्याय जोडा. हे न सांगितल्यास कर्नल जुनी आवृत्ती मागू शकतो, आणि आजचे सर्व्हर ती देत नाहीत. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये (कोणती डिरेक्टरी कोणाला द्यायची याची यादी) 'नो रूट स्क्वॉश' लिहायला विसरू नका. ते नसेल तर बोर्डाच्या रूट वापरकर्त्याला सर्व्हर परका समजतो आणि अर्ध्या सेवा परवानगीअभावी पडतात.

हे सगळं जमल्यावर एक शेवटचा खड्डा येतो, आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. बोर्ड लॉगिनपर्यंत जवळजवळ पोहोचतो आणि गोठतो, मग 'एनएफएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही' असा संदेश येतो. इथे सर्व्हरचा काही दोष नाही. बोर्डावरची डीएचसीपीची सेवा किंवा नेटवर्क मॅनेजर इथरनेट बंद करून पुन्हा चालू करायला जातो, आणि त्याच क्षणी ज्या रूटवर तो स्वतः चालतोय ती नाहीशी होते. त्या प्रणालीत इथरनेटचा इंटरफेस 'मॅन्युअल' ठेवा किंवा त्या सेवेला तो हाताळू नको असं सांगा. कर्नलने घेतलेला पत्ता पुरेसा आहे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत २० रास्पबेरी पाय ३बी आहेत. कार्डं सारखी खराब होतात. सगळे बोर्ड विनाकार्ड बूट होतील का? (शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : होतील, पण ३बीला आधी एकदा तशी सवय लावावी लागते. कॉन्फिग फाइलमध्ये 'प्रोग्रॅम यूएसबी बूट मोड' या ओळीला १ ही किंमत देऊन रास्पबेरी पाय ओएसच्या कार्डाने बोर्ड एकदा सुरू करा. त्याने चिपमधला एक बिट कायमचा जळतो, तो परत फिरवता येत नाही. ओटीपी (चिपमधली एकदाच लिहिता येणारी मेमरी) डंपमध्ये १७ क्रमांकाच्या ओळीत ३०२००००ए दिसलं की काम झालं. तेच कार्ड सगळ्या बोर्डांतून फिरवा आणि शेवटी ती ओळ काढून टाका. ३बी प्लसला हे करावं लागत नाही. पाय ४मध्ये ईप्रॉमच्या (बोर्डावरची छोटी कायमची मेमरी) सेटिंगमध्ये बूटचा क्रम लिहितात आणि तो उजवीकडून डावीकडे वाचला जातो : एफ२१ म्हणजे आधी कार्ड, मग नेटवर्क, मग पुन्हा पहिल्यापासून. वायफायवरून यातलं काहीही होत नाही, केबल हवीच.

सर्व्हरवर डीएनएसमास्क हा एकच प्रोग्रॅम पुरतो, डीएचसीपी आणि टीएफटीपी दोन्ही त्यातच आहेत. त्याच्या पीएक्सई (नेटवर्क बूट) सेवेच्या ओळीत 'रास्पबेरी पाय बूट' हे शब्द जसेच्या तसे लागतात, कारण ३बीचा बूटरॉम उत्तरात तेच शोधतो. कॉलेजच्या मॅनेज्ड स्विचकडे लक्ष द्या. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधले फेरे रोखणारी स्विचची सोय) चालू असेल तर पोर्ट जागं व्हायला साधारण ३० सेकंद घेतं आणि तोवर पाय कंटाळून गप्प बसतो. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट पाहणं टाळणारं सेटिंग) लावून घ्या. एवढं करूनही एखादा ३बी हट्ट धरत असेल तर फॅट फॉरमॅटच्या कार्डावर फक्त बूटकोड फाइल टाकून ते कार्ड आत राहू द्या. ३बीच्या बूटरॉममधल्या जुन्या चुका त्या फाइलमध्ये सुधारलेल्या आहेत, आणि त्या कार्डावर काही लिहिलं जात नसल्याने ते टिकतं. २० बोर्डांना एकच लिहिता येणारी रूट देऊ नका. प्रत्येकाला वेगळी प्रत द्या, किंवा रूट फक्त वाचण्यापुरती ठेवून वर रॅममधलं ओव्हरले (बदल तात्पुरते साठवणारा थर) चढवा. मुलांनी काहीही बिघडवलं तरी दुसऱ्या पद्धतीत बोर्ड बंद-चालू केला की सगळं पूर्ववत होतं, म्हणून शिकवायला मला तीच पसंत आहे.

प्रश्न : नवा बोर्ड घेताना त्याला लिनक्सचा आधार आहे हे कसं ओळखायचं? खोक्यावर तर सगळेच लिहितात. (मडगाव)

उत्तर : मुख्य कर्नलच्या सोर्समध्ये त्या बोर्डाची डिव्हाइस ट्री फाइल आहे का ते बघा. ३२ बिटी आर्म बोर्डांच्या या फाइल्स २०२३ सालच्या ६.५ आवृत्तीपासून चिप बनवणाऱ्यांच्या नावांच्या उपडिरेक्टरींत गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या जागी सापडली नाही म्हणून निराश होऊ नका. मग फाइल उघडून इथरनेट, एमएमसी (मेमरी कार्ड) आणि यूएसबी 'ओके' आहेत का वाचा. नुसतं सिरियल पोर्ट असेल तर तो आधार नावापुरता. आधार फक्त विक्रेत्याच्या जुन्या कर्नलमध्ये असेल तर सुरक्षेच्या दुरुस्त्या तुम्हाला त्याच्या मर्जीने मिळणार. मुख्य यू-बूटमध्येही बोर्ड आहे का हे वेगळं तपासा. आणि दर बूटला मॅक पत्ता (इथरनेटचा हार्डवेअर पत्ता) बदलतो का हे विचारा. स्वस्त बोर्डांत ईप्रॉम नसल्याने असं होतं, मग डीएचसीपीत राखून ठेवलेला पत्ता त्याला मिळत नाही. अशा बोर्डात यू-बूटच्या ईथॲड्र या व्हेरिएबलमध्ये एक मॅक पत्ता कायमचा लिहून ठेवावा लागतो.

प्रश्न : सिरियल केबल कोणती घ्यावी? (सोलापूर)

उत्तर : ३.३ व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल घ्या. ५ व्होल्टची नको, आणि जुनी नऊ पिनी आरएस-२३२ तर मुळीच नको, ती चिप जाळते. बीगलबोन ब्लॅकवर सहा पिनांच्या जे१ कनेक्टरची १ नंबरची पिन ग्राउंड, ४ घेणारी, ५ देणारी. केबलची देणारी तार ४ला लावा, घेणारी ५ला. वेग ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, आणि फ्लो कंट्रोल (पाठवणं थांबवण्या-चालवण्याचे इशारे) बंद. अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं पोहोचत नाही, अशी तक्रार असेल तर आधी फ्लो कंट्रोल चालू राहिलाय का ते बघा.