आईच्या गुडघेदुखीसाठी मॅग्नेटिक थेरपीचं मशीन घ्यावं का?

प्रदर्शनात बघितलेली चुंबकांची गादी आणि सोबतचं ‘पीईएमएफ’ (थांबत थांबत सोडलेल्या विजेने चुंबकीय क्षेत्र तयार करणारं) मशीन, दोन्ही मिळून चाळीस हजारांना आईंसाठी घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असं मशीन आमच्या सेंटरवर आहे, तरी सांगते: आत्ता घेऊ नका.

गादीचा विषय तर सोडूनच द्या. तिच्यात शिवलेल्या चुंबकांचं क्षेत्र स्थिर असतं, त्याने सांध्यात काही घडत नाही. मशीनमध्ये तारेच्या वेटोळ्यातून वीज थांबत थांबत सोडतात, क्षेत्र सारखं कमीजास्त होतं आणि त्यामुळे आत अगदी क्षीण प्रवाह तयार होतो. हे थोतांड नाही. न जुळणाऱ्या फ्रॅक्चरसाठी अशा उपकरणांना अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने 1979 मध्येच मान्यता दिली. विक्रेते नेमका हाच दाखला पुढे करतात, पण तो हाडाचा आहे, गुडघ्याच्या झिजेचा नाही.

झिजेबद्दल कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा 2013 चा आढावा आहे: 9 चाचण्या, 636 रुग्ण. 100 च्या मापावर दुखणं खोट्या (लावला, पण चालू न केलेल्या) उपचारापेक्षा सरासरी 15 ने जास्त कमी झालं. चालण्या-उठण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. ‘कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरचं गुळगुळीत आवरण) पुन्हा भरून येते’ असं कोणी सांगत असेल तर ती निव्वळ थाप.

आमच्याकडे गुडघ्याभोवती रिंग लावून झोपवलं की बरेच जण विचारतात, “ताई, चालू आहे ना?” कारण गरम काहीच लागत नाही. मग शेक दिला की खूश!

मशीनचा विचार करण्याआधी एक बघा. सकाळी उठल्यावर सांधे तासाभराहून जास्त आखडलेले राहतात का? हाताची बोटं, मनगटं सुजतात का? तसं असेल तर हा आमवात असू शकतो. तिथे मशीनच्या नादात महिने घालवले तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. लगेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचे डॉक्टर) गाठा.

नुसती झीज असेल तर मांडीचे स्नायू बळकट करा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती खाली दाबून पाच सेकंद धरायची. दिसायला साधं, पण पायाला घाम फोडणारं काम आहे हे. रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. वजन जास्त असेल तर तेही उतरवावं लागेल.

एवढं करूनही हौस असेलच तर आधी जवळच्या सेंटरवर काही सेशन्स घेऊन बघा. आईंना पेसमेकर बसवलेला असेल तर तेही नको.