ड्युटीवर पोलिसाचं सरकारी सामान हरवलं तर नोकरी जाते का?

तुम्ही विचारलंय की धाकटा भाऊ नुकताच पोलीस शिपाई म्हणून लागलाय, आईला घोर लागलाय, ड्युटीवर काठी, वॉकीटॉकी किंवा बंदूक हरवली तर पोराची नोकरी जाते का, की पगारातून कापतात.

मी पुणे शहरात 1987 ला भरती झालो आणि 2022 ला सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो. आईंना सांगा, काठी हरवली म्हणून कुणी घरी बसल्याचं मी पस्तीस वर्षांत पाहिलं नाही. काठ्या, ढाली, हेल्मेटं बंदोबस्तात हरवतातच. दगडफेक सुरू झाली की माणूस डोकं वाचवतो, ढालीचा नंबर बघत बसत नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल जातो, मोडलेलं वेगळं, गहाळ वेगळं, विषय संपतो. बेडीची किल्ली हरवली तर जुन्या बेड्यांना शेजारच्याची चालायची. शिट्टी तर आम्ही स्वतःच तुळशीबागेतून विकत आणायचो, चांगली वाजते म्हणून.

शस्त्राचं मात्र तसं नाही. शस्त्रागारातून रायफल घेताना बट नंबर (दस्त्यावरचा क्रमांक) आणि गोळ्या रजिस्टरला चढतात, तुमची सही होते. परत करताना नंबर जुळवायचा, गोळ्या मोजून द्यायच्या. बंदुकीपेक्षा गोळीची धास्ती जास्त असते, कारण बंदूक लपत नाही, गोळी लपते. सरावाच्या फायरिंगला जेवढ्या गोळ्या नेल्या तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या, म्हणजे गोळीची पितळी टरफलं, परत आल्या पाहिजेत. एका पावसाळ्यात आमची एक पुंगळी कमी पडली. गवत गुडघ्याएवढं. सगळी तुकडी भातलावणीला वाकावं तशी ओळीने वाकून दीड तास गवत चाचपत होती, वरून भुरभुर पाऊस, डब्यातल्या पोळ्या गारढोण. शेवटी एकाने झोपून फायर करताना अंगाखाली घेतलेल्या ताडपत्रीच्या घडीत ती सापडली. भंगारात पितळेच्या भावाने गेली असती, तिला किंमत ती काय! पण पुंगळी नाही म्हणजे गोळी उडाली की कुणाच्या खिशात गेली हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

आणि पिस्तूल हरवतं कुठे? चकमकीत नाही, संडासात. पट्टा सोडायचा, खिळ्याला अडकवायचा, तेवढ्यात वायरलेसवर नाव पुकारलं जातं आणि माणूस विजार सावरत धावतो. आमचे एक वरिष्ठ पट्टा गळ्यात अडकवून बसायचे. नवी पोरं तोंड दाबून हसायची. पुढे माझ्या कमरेला पिस्तूल आलं तेव्हा मीही तेच करायला लागलो.

आता माझी स्वतःची गोष्ट. साल 2009, स्वाइन फ्लूचं वर्ष. पुण्यात मास्क लावून गणपती झाले ते. विसर्जन मिरवणुकीला मी हवालदार होतो, लक्ष्मी रोडवर बेलबाग चौकाजवळ पॉइंट. ज्यांनी पुण्याची मिरवणूक पाहिली नाही त्यांना सांगतो, सकाळी मंडईतून कसबा गणपती निघतो आणि शेवटचं मंडळ अलका टॉकीजच्या चौकातून पुढे सरकेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडते. बंदोबस्तातल्या माणसाला वेळ घड्याळातून कळत नाही, पोटऱ्यांतून कळते.

रात्री दहाला सेटची, म्हणजे वॉकीटॉकीची, बॅटरी बदलून घेतली होती. दोनच्या सुमाराला मागून एक मंडळ पुढे आलं, ढोलाचा ताल वाढला आणि गर्दीचा लोंढा दोरावर आला. एक आजी खाली बसल्या, त्यांना काखेत हात घालून दुकानाच्या पायरीवर नेलं. परत येऊन कमरेला हात लावला तर सेट नाही. क्लिपचा अर्धा तुकडा तेवढा पट्ट्याला लटकत होता.

इथे मी जे केलं ते तुमच्या भावाने करू नये. मी कुणाला बोललो नाही. बॅटरीच्या उजेडात पायाखाली बघत हिंडलो, फुगेवाल्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. मनात एकच, गुपचूप सापडला तर कुणाला कळायचंही नाही. तेवढ्यात कंट्रोल रूमने आमच्या पॉइंटला तीनदा पुकारलं. तिसऱ्या वेळी जोडीदाराने स्वतःच्या सेटवरून उत्तर दिलं आणि माझ्याकडे बघितलं. मग उपनिरीक्षक साहेबांकडे गेलो.

"साहेब, सेट पडला."

"कधी?"

"आत्ताच, साहेब."

चाळीस मिनिटं होऊन गेली होती. साहेबांनी लगेच कंट्रोलला कळवलं, कारण तो सेट ज्याच्या हातात पडला त्याला आमचा सगळा बंदोबस्त ऐकू जाणार होता, आणि बटण दाबलं तर बोलताही येणार होतं. लाखांच्या गर्दीत कुणी थट्टेत जरी "पळा, बॉम्ब आहे" म्हणालं असतं तर? हल्लीचे डिजिटल सेट दुरून बंद करता येतात. आमच्या त्या जुन्या सेटला तसली सोय नव्हती.

सकाळी सातला महापालिकेची एक झाडूवाली मावशी चौकीत आली. मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर चपलांचे ढीग साठतात, शेकडो, एक पाय मिळाला तर दुसरा नाही. त्या ढिगात हे बोलत होतं म्हणाली. अँटेना मोडलेली, भोकांत गुलाल भरलेला, आणि बॅटरी संपत आल्याची टूं टूं चाललेली. मावशीने आधी फावड्याने दोनदा ढोसून बघितलं होतं, साप-बीप असेल म्हणून! तिला मी चहा आणि क्रीमरोल दिला. त्या सकाळी माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

सेट मिळाला तरी कारणे दाखवा नोटीस आलीच. खुलाशात मी क्लिप मोडल्याचं लिहिलं, गर्दी लिहिली, आजी लिहिल्या. ते सगळं मान्य झालं. अँटेना आणि क्लिपचे पैसे पगारातून गेले, त्याचं काही वाटलं नाही. पण कंट्रोलच्या नोंदीत दोन वेळा अनुत्तरित पुकारा होता आणि माझ्या तोंडी "आत्ताच" होतं. सक्त ताकीद सेवापुस्तकात चढली ती त्या एका शब्दाची. ठाण्याचं नाव सांगत नाही, साहेबांचं काही चुकलं नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 (पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणायचे) यातलं कलम 25 आणि 1956 चे शिक्षा व अपिलांचे नियम यांवर सगळं चालतं. निष्काळजीपणामुळे सरकारचं नुकसान झालं तर ते पूर्ण किंवा काही अंशी पगारातून वसूल करता येतं. त्याखाली ताकीद, ठपका, शिपायाला जादा कवायत, एक महिन्याच्या पगारापर्यंत दंड, वेतनवाढ रोखणं. वरच्या टोकाला निलंबनापासून बडतर्फीपर्यंत. पण तिथवर जायला आधी चौकशी होते आणि तुम्हाला तुमचं म्हणणं मांडता येतं. वस्तू चोरीला गेली असेल तर गुन्हा दाखल होतो, तुमच्या-आमच्यासारखाच. शस्त्र गेलं तर निलंबन आणि विभागीय चौकशी जवळपास धरूनच चालायचं.

ओळखपत्राला लोक हलकं समजतात. ते समजू नये. पोलीस असल्याची बतावणी करून म्हाताऱ्या माणसांच्या पाटल्या-गोठ उतरवून नेणाऱ्या टोळ्या पुण्यात किती वर्षं चालल्यात, पेपरात वाचताच. पोलिसाची वस्तू भलत्याच्या हाती गेली की काय होतं, तेही पाहिलंय. 10 जुलै 2014 ला फरासखाना पोलीस ठाण्याला लागून असलेल्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, दगडूशेठ गणपतीपासून हाकेच्या अंतरावर. ज्या मोटारसायकलीत स्फोटकं होती ती साताऱ्याहून चोरलेली, आणि मालक पोलीस. गाडी त्याची खासगी होती, सरकारी नाही, त्याचा काही दोषही नव्हता. पण त्यानंतर आमच्याकडे कुणाचं काहीही गेलं की "ठीक आहे, नवीन घे" असं म्हणणारे कमी झाले.

एक प्रकार तुम्ही विचारलेला नाही, पण भावाला तो जास्त नडेल. कागदावरचं हरवणं. कोठीत कागदावर चाळीस हेल्मेटं, खोलीत सदतीस. ती तीन कधी गेली, कुणी नेली, देवाला ठाऊक. ज्याने न मोजता चार्ज घेतला त्याच्या गळ्यात पडतात. तेव्हा सही करण्याआधी नंबर स्वतः वाचायचा, डबा उघडून आत बघायचं. चार्ज देणारा "अरे, विश्वास नाही का?" म्हणाला तर हसायचं आणि मोजायचं.

मीही यातून सुटलो नाही. निवृत्तीच्या वेळी ना देय प्रमाणपत्र लागतं. सगळ्या शाखांच्या सह्या झाल्या आणि एका टेबलावर कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं: माझ्या नावावर मच्छरदाणी, एक नग, 1987. प्रशिक्षणात मिळालेली. मला आठवेना. घरी येऊन माळा उपसला, ट्रंका उघडल्या, काही नाही. बायको शांतपणे म्हणाली, "ती होय, गच्चीत आहे." गेली पंचवीस वर्षं ती सरकारी मच्छरदाणी उन्हाळ्यात कुरडया-सांडग्यांवर कावळे बसू नयेत म्हणून अंथरली जात होती. धुतली, घडी घातली, नेऊन दिली. कारकुनाने उलगडली, हळदीचे डाग बघितले, वास घेतला आणि "जमा" असा शिक्का मारला.