स्लीप वाढवू का?

प्रश्न: ऑर्डर नोंदली की इव्हेंट (तशी सूचना देणारा संदेश) रांगेत जातो आणि तो वाचून दुसरी सर्व्हिस ईमेल पाठवते. टेस्टमध्ये ईमेलची वाट पाहायला २ सेकंदांचा स्लीप (ठरावीक वेळ नुसतं थांबणं) आहे. माझ्या मशीनवर ती पास होते, बिल्ड सर्व्हरवर अधूनमधून फेल. स्लीप वाढवू का?

उत्तर: नका वाढवू! सर्व्हरवर ताण आला की कुठलाही आकडा अपुरा पडतो आणि एरवी प्रत्येक रनमध्ये वेळ फुकट जातो. अट पूर्ण होते का, हे दर ५० मिलिसेकंदांनी तपासा आणि कमाल मर्यादा १० सेकंद ठेवा. जावात अवेटिलिटी ही लायब्ररी हेच करते. मर्यादा संपलीच, तर तोवर आलेले सगळे इव्हेंट छापा. नुसत्या ‘टाइमआउट’वरून मला तरी कधी कारण सापडलेलं नाही.

खरी कसोटी उलट्या टेस्टची. रद्द ऑर्डरला ईमेल जाऊ नये, हे तपासताना अट पहिल्याच क्षणी खरी असते, त्यामुळे टेस्ट काहीच सिद्ध न करता पास होते. अशा वेळी मी त्याच रांगेत मागोमाग एक साधी ऑर्डर सोडते. रांग क्रम पाळणारी आणि कन्झ्युमर (रांगेतून इव्हेंट उचलणारा) एकच असेल, तर दुसरीचा ईमेल आला म्हणजे पहिली हाताळून झाली. मग मोजा: ईमेल एकच हवा.

ईमेलचा मजकूर मात्र हँडलर (इव्हेंट आल्यावर ईमेल तयार करणारं फंक्शन) थेट बोलावून तपासा, त्यासाठी रांग लागत नाही.