इटालियन खाद्यशब्दांचे उच्चार

प्रश्न : आमची मुलगी तोरिनो येथे शिकते. येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे महिनाभर राहणार आहोत. आम्ही शाकाहारी आहोत. बाजारात आणि उपाहारगृहात लागणारे शब्द कसे शिकावेत? इंग्रजी वळणाचे उच्चार चालतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इंग्रजी वळण बाजूला ठेवून हे शब्द सरळ देवनागरीत लिहून घ्यावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. इटालियनमधील त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, आणि द्वित्त व्यंजनावर थांबण्याची सवय तर मराठी जिभेला 'पक्का', 'सत्तर' या शब्दांनी लहानपणीच लावलेली असते. तिथे या द्वित्ताने अर्थ बदलतो : 'सेते' म्हणजे तहान आणि 'सेत्ते' म्हणजे सात. म्हणून रिकोटा नव्हे, रिकोत्ता.

'चूल' आणि 'चिमणी' यांतले दोन वेगळे च आपण सहज उच्चारतो, ही तर मोठीच सोय आहे. पित्सामधला उच्चार चुलीतल्या च-च्या अगदी जवळचा आहे, तर चेची (हरभरे) आणि चिपोल्ला (कांदा) यांत चिमणीतला च येतो. तसेच वांग्याला म्हणतात त्या 'मेलान्जाने'मध्ये 'जाड'मधला ज, आणि घेवड्याच्या दाण्यांना म्हणतात त्या 'फाजोली'मध्ये 'जीभ'मधला ज म्हणावा.

पाटी वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की 'सी' या अक्षरापुढे 'ई' किंवा 'आय' आले तर च होतो, पण मध्ये 'एच' आला की क. त्यामुळे ब्रुशेटा नव्हे, ब्रुस्केत्ता. आणि मसूर म्हणजे लेंतिक्क्ये. 'जी' आणि 'एन' एकत्र आले तर 'धान्य'मधल्यासारखा न्य होतो : न्योक्की, लाझान्या. लसणाला आल्यो म्हणतात. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या स्वरावर येतो; ब्रेडला म्हणतात त्या 'पाने'तला 'पा' म्हणूनच लांबवावा.

शाकाहारी माणसाने काही शब्द मात्र आधीच पाठ करावेत. पेपेरोनी म्हणजे तिथे ढोबळी मिरची, त्यामुळे ती निर्धास्तपणे मागवावी. आच्चूगे हे छोटे मासे आहेत, आणि तोरिनो ज्या प्येमोंतेत आहे तिथल्या प्रसिद्ध बान्या काउदामध्ये, भाज्या बुडवून खाण्याच्या त्या गरम लसणी तेलात, ते असतातच. काल्यो म्हणजे दूध विरजून चीज करण्यासाठी वापरायचे द्रव्य. पार्मिजानो रेज्जानोसाठी ते वासराच्या जठरातूनच घेतात, म्हणून कटाक्ष पाळणाऱ्यांनी चीजच्या वेष्टनावर हा शब्द पाहावा. नुसते 'लात्ते' मागितले तर दूध मिळते. दुधाची कॉफी हवी असल्यास 'काफ्फेल्लात्ते' म्हणावे. मागताना शेवटी 'पेर फावोरे', म्हणजे कृपया, जोडावे.