कपाटाची किल्ली : पहिली स्ट्रिप कोणी दिली?

मागच्या अंकात झोपेच्या गोळ्यांबद्दल लिहिलं आणि पोस्टमनला काम लागलं. आलेल्या पत्रांपैकी एकच या वेळी सविस्तर घेते. उरलेल्या दोघांना उत्तरं थोडक्यात आहेत, रागावू नका.

प्रश्न : काकू, माझा भाऊ ३१ वर्षांचा आहे, ट्रॉलरवर जातो. दोन वर्षांपूर्वी जाळं ओढताना विंचचा दोर सुटून त्याच्या कंबरेवर बसला. एका खाजगी दवाखान्यात नेलं. त्यांनी दहा दिवसांच्या ट्रामाडॉल नावाच्या कॅप्सूल लिहून दिल्या. त्या दहा दिवसांची दोन वर्षं झाली. आता दिवसाला बारा-चौदा खातो. ‘गोळी नाय तर माका दोर धरूक जमणा नाय’ म्हणतो. शिमग्याआधी बोटीवरच त्याला फिट आली, तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाने, बोट माघारी आणली. घरात रोज भांडण. बाबा म्हणतात, पोरगा मनाने कच्चा. वहिनी म्हणते, डॉक्टरवर केस करा. मी मोबाइलवर वाचलं की अमेरिकेत अशा गोळ्यांपायी कंपनीलाच कोर्टात खेचलं. मग दोष नक्की कोणाचा? आणि हो, तो म्हणतोय की १ जूनला मासेमारी बंद झाली की एकदम सोडतो, दोन महिने घरीच आहे.
— एक बहीण, देवगड तालुका

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते, माझ्या लेकीच्या वयाची आहेस. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याने माझ्या पोटात गोळा आला, म्हणून आधी तेच.

एकदम सोडायचं नाही. ५० मिलिग्रॅमच्या चौदा कॅप्सूल म्हणजे ७०० मिलिग्रॅम. डॉक्टर फार तर ४०० पर्यंत जातात, तेही थोडे दिवस. हे औषध जास्त झालं तरी फिट येऊ शकते आणि अचानक तोडलं तरी येऊ शकते. शिवाय घाम, जुलाब, अंग मोडून येणं, रात्र रात्र डोळा न लागणं हे सगळं होतं. एकदा आकडी येऊन गेलेल्या माणसाने देवाला गाऱ्हाणं घालून, पडवीत पडून सोडायची ही वस्तू नाही. डोस उतरवत नेतात किंवा दुसऱ्या औषधाच्या आधाराने सोडवतात, आणि ते मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. तुम्हाला रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाने बाबा बिथरतील, बिथरू देत. १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन फुकट आहे, तिथे जवळचं केंद्र सांगतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. जूनची वाट बघू नका. आणि तोवर त्याला समुद्रावर पाठवू नका, तांडेलाला मी सांगितलं म्हणून सांग. कंबरेचं दुखणं अजून तिथेच असेल तर तेही हाडांच्या डॉक्टरला दाखवा. सगळे गोळीच्या मागे लागतात आणि मूळ कळ तशीच राहते.

आता दोष. तुमच्या घरात दोन उमेदवार उभे आहेत, भाऊ आणि डॉक्टर. मी तिसरा अर्ज भरते. माझा.

२०१२ ची गोष्ट. आमच्या मेडिकलवर चिऱ्याच्या खाणीवरचा एक ट्रकवाला यायचा. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन आला, याच ट्रामाडॉलच्या दहा कॅप्सूल. चिठ्ठी रीतसर, बिल रीतसर. पंधरा दिवसांनी जुनीच चिठ्ठी दाखवली, मी दिल्या. मग चिठ्ठी गेली आणि ‘वहिनी, एक स्ट्रिप’ राहिलं. तेव्हा एच-वनचं, म्हणजे जास्त नजर ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीचं, रजिस्टर नव्हतं. ते १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या हे लिहून तीन वर्षं जपायचं असतं. पण चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हा नियम तेव्हाही होता. मला ठाऊक होता. डी.फार्म.ला, औषधनिर्माणाच्या पदविकेला, हेच तर शिकवलं होतं.

आणि त्याच सुमाराला एक एमआर, म्हणजे औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, यायचा, टाय वगैरे लावून, घामाने भिजलेला. सांगायचा, ‘मॅडम, हे अफूतलं नाही, सवय लागत नाही.’ स्टॉकिस्टची स्कीम होती, दहावर दोन फुकट. ते दोन डबे म्हणजे माझा निव्वळ नफा. एका महिन्याचा हिशेब बघताना दिसलं की त्या एका माणसाने बावीस स्ट्रिप नेल्या. मग मी बंद केलं. तो शांतपणे समोरच्या दुकानात गेला. चार-सहा महिन्यांनी त्याची बायको आली, पदराच्या गाठीत रिकामी स्ट्रिप बांधून. विचारलं, ‘ही कसली गोळी?’ मी म्हटलं, ‘दुखण्याची.’

उत्तर खोटं नव्हतं. पण तिने विचारलं होतं ते हे नव्हतं.

आता तू वाचलंस ते अमेरिकेचं प्रकरण. पर्ड्यू फार्मा नावाची कंपनी, मालक सॅकलर घराणं. १९९६ साली त्यांनी ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. आत ऑक्सिकोडोन, म्हणजे मॉर्फिनच्याच कुळातलं. गोळी हळूहळू विरघळते, म्हणून गैरवापर कमी होतो असं मानलं जातं, अशा अर्थाचं वाक्य लेबलवर छापायला तिथल्या सरकारी औषध खात्याने मान्यता दिली. ते तपासणाऱ्या विभागातला अधिकारी पुढे त्याच कंपनीत नोकरीला लागला. लोकांनी मग गोळी चुरडली की झालं, सगळं औषध एकदम.

सवय लागत नाही याला पुरावा काय? १९८० साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापलेलं पाच वाक्यांचं पत्र. ११,८८२ रुग्णांना अफूच्या कुळातली औषधं दिली, त्यात व्यसन लागलेले फक्त चार. पण हे सगळे रुग्णालयात दाखल असलेले लोक, परिचारिकेच्या हातून मोजून औषध घेणारे. घरी डबा घेऊन गेलेल्यांचं त्यात काहीच नव्हतं. तरी पुढे सहाशेहून जास्त लेखांत त्या पत्राचा हवाला दिला गेला, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते आधार म्हणून दाखवलं. माझा तो एमआर जे वाक्य बोलायचा ना, त्याची आजी हीच. आणि ‘दहावर दोन’ची आजीही तिथे भेटते : पर्ड्यूने डॉक्टरांमार्फत रुग्णांना कुपनं वाटली, पहिल्या ७ ते ३० दिवसांचं औषध फुकट.

२००७ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. औषध कमी व्यसन लावणारं आहे असं खोटं सांगून विकलं, असा तो गुन्हा. सुमारे ६० कोटी डॉलर भरले, तीन बड्या अधिकाऱ्यांनीही कबुली दिली, तुरुंगात एकही गेला नाही. २०२० मध्ये दुसऱ्यांदा गुन्हा कबूल. दरम्यान मालक घराण्याने कंपनीतून हजार कोटी डॉलरहून जास्त रक्कम काढून घेतली होती. कंपनीच्या दिवाळखोरीआडून घराण्याला पुढच्या दाव्यांपासून कायमचं संरक्षण देणारा तोडगा २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला.

पण एकट्या पर्ड्यूवर खापर फोडून भागत नाही. वेस्ट व्हर्जिनियात कर्मिट नावाचं गाव आहे, वस्ती चारशेच्या आसपास. तिथल्या एका औषध दुकानाला दोन वर्षांत हायड्रोकोडोनच्या, म्हणजे त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधाच्या, सुमारे ९० लाख गोळ्या पुरवल्या गेल्या, आणि त्या पर्ड्यूच्या नव्हेत. चारशे माणसं! आमच्या एखाद्या वाडीएवढी. घाऊक पुरवठादाराला आकडा दिसत होता, दुकानदाराला रांग दिसत होती, ज्या सरकारी यंत्रणेकडे या हिशेबाची नोंद जाते तिलाही दिसत होतं. मला बावीस स्ट्रिप दिसल्या तेव्हा हात थांबला. तेही बावीस झाल्यावर, पहिलीला नाही.

माझा हिशेब असा आहे. ज्याला जेवढं ठाऊक होतं आणि त्यातून ज्याला जेवढं मिळालं, तेवढा त्याचा वाटा. कंपनीला सगळं ठाऊक होतं आणि सगळ्यात जास्त मिळालं. लेबल मान्य करणाऱ्याचं काम प्रश्न विचारण्याचं होतं. डॉक्टरला निम्मं-शिम्मं सांगितलेलं असतं. पण ‘परत या, बघू’ हे तीन शब्द तरी त्याने बोलायला हवेत. तुझ्या भावाच्या दहा दिवसांच्या चिठ्ठीत मला गुन्हा दिसत नाही. अकराव्या दिवसापासून दोन वर्षं ज्यांनी चिठ्ठीशिवाय दिलं, ते मला दिसतात. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय आता एकाही काउंटरवर नाही. केस करायचीच तर वहिनीला सांग, डॉक्टरच्या आधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनात लेखी तक्रार द्या. रिकाम्या स्ट्रिप टाकू नका, त्यावर बॅच नंबर असतो. असतील ती बिलं जोडा. नसतील तर बिल दिलं जात नाही हेच लिहा.

आणि बाबांना एवढंच सांग : कंबरेला मार बसला म्हणून गोळी घेतली तेव्हा पोराला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्याला मिळालं काय, तर आकडी. दुकानं बंद केली की व्यसन आपोआप जातं असंही समजू नका. अमेरिकेत गोळ्या आटल्यावर पुष्कळ जण हेरॉइनकडे गेले, नंतर फेंटानिल, म्हणजे त्याच कुळातलं पण कितीतरी जहाल औषध, आलं आणि माणसं आणखी मेली. म्हणून तक्रार आणि उपचार एकाच आठवड्यात. आधी तक्रार, मग बघू, असं नको.

प्रश्न : माझा मुलगा एमआर आहे. झोपेच्या गोळ्यांवरचं तुमचं लिखाण वाचून दुखावला. म्हणतो, आम्हाला टार्गेट असतं, कंपनीने शिकवलं ते बोलतो. अमेरिकेतली पापं आमच्या माथी कशाला?
— निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : गुरुजी, दुपारी दोनच्या उन्हात बॅग घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरांना मी कोकम सरबत पाजलेलं आहे, त्यांच्यावर माझा राग नाही. पण अमेरिका तितकी लांबही नाही. इन्सिस नावाच्या कंपनीचे संस्थापक जॉन कपूर अमृतसरचे, औषधनिर्माणशास्त्र शिकले मुंबईत. त्यांची कंपनी फेंटानिलचा फवारा विकायची, आणि जास्त चिठ्ठ्या लिहिणाऱ्या डॉक्टरांना नावापुरत्या भाषणांचं मानधन द्यायची. २०२० मध्ये त्यांना साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात विक्री खात्यातली माणसंही अडकली, टार्गेटचं कारण कोर्टाला पटलं नाही. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघड केलं की मुंबईची एक कंपनी टॅपेन्टाडॉल (ट्रामाडॉलसारखंच वेदनाशामक) आणि कॅरिसोप्रोडॉल (स्नायू सैल करणारं) एकत्र केलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. घाना, नायजेरियाच्या रस्त्यांवर त्या नशेसाठी विकल्या जात होत्या. सरकारने मग त्या मिश्रणाची निर्यात बंद केली. म्हणजे तिकडच्या एखाद्या बहिणीने असंच पत्र लिहिलं, तर त्यातलं बोट आपल्याकडे वळेल.

मुलाला सांगा, ‘सवय लागते का?’ असं कोणी विचारलं तर ‘लागते’ म्हणावं. टार्गेट चुकेल, हे खरं आहे.

प्रश्न : आईला कॅन्सर आहे. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात. व्यसन लागेल म्हणून मी दोन दिवस दिल्याच नाहीत. ती रात्रभर विव्हळते. चुकलं का माझं?
— वाचक, गुहागर

उत्तर : हो, चुकलं. हे वाचताच डॉक्टरांना फोन करा, पुन्हा कोणत्या डोसने सुरू करायचं ते विचारा आणि सुरू करा.

वरचं सगळं वाचून तुमची भीती वाढली असेल, म्हणून तुमचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर आपल्याकडे एवढे परवाने लागायला लागले की दहा-बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला. नशा करणारे राहिले बाजूला, दुखणारे मेले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची ती भानगड कमी केली. माझी आत्या १९९४ साली गेली, जबड्याचा कॅन्सर. भाची मेडिकलवाली, मागे कपाटभर औषधं, आणि तिला द्यायला माझ्याकडे पॅरासिटामॉल होतं. ती उशीचा कोपरा दातांत धरायची.

मॉर्फिन घड्याळ लावून देतात, दुखायची वाट न बघता. बद्धकोष्ठ हमखास होतो, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. गुंगी पहिले काही दिवस असते, पण हाक मारूनही जाग येत नसेल किंवा श्वास फार मंद वाटला तर लगेच डॉक्टरांना कळवा. गोळ्या मोजून वहीत लिहा आणि डबा कुलपात ठेवा. किल्ली आईच्या उशाखाली नको, येणारे-जाणारे तिथे आधी बघतात. तुमच्या कनवटीला असू द्या.