मुलीकडच्यांचं नंतर, आधी मुलाला सांगा

प्रिय माई,

आम्ही राजापूर तालुक्यातले. माझा मुलगा २९ वर्षांचा. मुंबईला कंपनीत होता, तिथे पाच वर्षांपूर्वी बिघडला. झोपेना, एकटाच बोलायचा, खोलीतले सोबती पाळत ठेवतात म्हणायचा, जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय म्हणून ताट सारायचा. दिरांनी गावी आणून सोडला. यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला, पण उतार पडेना. शेवटी मी मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, रिस्पेरिडोन नावाचं पातळ औषध दिलं. आता अडीच वर्षं चांगला आहे. स्टँडवर स्वतःची रिक्षा लावतो. जरा सुस्तावतो, अंगाने सुटलाय, त्यावरून यांचं आणि त्याचं वाजतं, बाकी काही नाही. मध्ये लेकीच्या बाळंतपणाला मी ठाण्याला गेले तेव्हा महिन्याभरात पुन्हा थोडं झालं होतं, कारण औषध मी सकाळच्या चहातून देते, त्याला माहीत नाही. आता लांज्याकडचं स्थळ आलंय, दोन्हीकडून पसंती आहे. हे म्हणतात आजाराचं बोलायचं नाही, लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. लेक म्हणते सांगायलाच हवं. माई, मुलीकडच्यांना सांगावं की नाही?

— एक आई

ताई,

प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण त्यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. सांगायचं. महत्त्वाची गोष्ट लपवून लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमाखाली फसवणूक म्हणून रद्द होऊ शकतं, आणि लपवलेलं कळल्यापासून वर्षभरात त्या मुलीला कोर्टात जाता येतं. लग्नाने सुरळीत होतं हे तुमच्या यजमानांचं म्हणणं मी इतक्या पत्रांत वाचलंय की त्यावर आता वादही घालवत नाही. लेक शहाणी आहे.

पण मी अडले ती वेगळ्याच ठिकाणी. ठाण्याच्या बाळंतपणाच्या पाठीमागे, एका स्वल्पविरामानंतर, तुम्ही लिहून गेलात: औषध चहातून देते, त्याला माहीत नाही. आणि लगेच पुढे लांज्याचं स्थळ! म्हणजे तुम्हाला माहीत, यजमानांना माहीत, लेकीला माहीत, डॉक्टरांना माहीत, आता मला आणि हे वाचणाऱ्या सगळ्यांना माहीत. ज्याच्या पोटात जातंय तो एकटा बाहेर. त्या मुलीला सांगायचं की नाही यावर तुमच्या ओटीवर खल चाललाय आणि नवरदेव तेव्हा स्टँडवर भाडं बघतोय.

तो तिला सांगणार तरी काय? त्याच्या हिशेबी तो मुंबईत आजारी पडला, गावी आला, देवाने कौल दिला आणि बरा झाला. उद्या त्या मुलीने सरळ विचारलं, ‘तुम्हाला काही औषध चालू आहे का?’, तर तो तिच्या डोळ्यांत बघून ‘नाही’ म्हणेल आणि ते खोटं नसेल. खोटं तुमचं असेल, तोंड त्याचं.

आता जरा त्याच्या रोजच्या दिवसाकडे बघा. सकाळी चहा घेऊन निघतो, अकराच्या सुमाराला डोळे जड होतात. त्याला वाटतं आपण आळशी. बापही तेच म्हणतो, आणि बापाला तर कारण माहीत आहे! सुस्ती, वाढलेलं वजन, कधी हातापायांचा ताठरपणा, हे या औषधाचे नेहमीचे परिणाम. यातला एखादा जरी त्याने डॉक्टरांना सांगितला असता तर मात्रा कमी करता आली असती, वेळ रात्रीची करता आली असती, औषध बदलता आलं असतं. पण ज्याला औषधच माहीत नाही तो तक्रार कशाची करणार? तुम्ही घाटवळणाच्या रस्त्यावर प्रवासी घेऊन जाणाऱ्या माणसाला झोप आणणारं औषध देताय आणि त्याला जपून चालव म्हणायची सोय तुम्हाला नाही. शिमग्यात मित्राने ग्लास पुढे केला तर नको म्हणायला त्याच्याकडे कारण नाही. तापाच्या डॉक्टरने चालू गोळ्या विचारल्या तर तो मान हलवणार. आणि लग्नाचं निघालंच आहे म्हणून लिहिते: या औषधाने प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू शकतं, इच्छा कमी होते, नवराबायकोच्या संबंधात अडचण येते. औषधाचं म्हणून कळलं तर त्यावर उपाय आहे. न कळलं तर नवरा स्वतःला नालायक समजतो आणि बायको स्वतःला नकोशी.

ठाण्याच्या महिन्याचं तर मला फार वाईट वाटलं. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी. तुम्हाला ठाऊक होतं की औषध चुकलं म्हणून बिघडलं. त्याला काय वाटलं असेल? आपण काही केलं नाही, काही सोडलं नाही, तरी ते परत आलं. म्हणजे ते केव्हाही येणार. अशा धास्तीत जगायला तुम्ही त्याला ठेवलंत, आणि धास्तीचं साधं कारण तुमच्या स्वयंपाकघरात फळीवर होतं.

चहाचंही सांगते. रिस्पेरिडोनच्या पातळ औषधासोबत जो कागद येतो त्यात ते पाण्यातून, कॉफीतून, संत्र्याच्या रसातून किंवा कमी सायीच्या दुधातून घ्यायला सांगतात. चहा आणि कोला यांत नको, असं त्यात स्पष्ट असतं. चहात ते नीट मिसळून राहत नाही. तुम्ही पिचकारीने मोजून घालत असाल, पण त्यातलं किती त्याला मिळतं हे तुम्हालाही सांगता यायचं नाही. कोणी उरलेला अर्धा कप मोरीत ओतला की तोही गेला. डॉक्टरांनी औषध पाण्यासारखं दिसतं म्हणून दिलं असेल; चहाचं तुम्ही त्यांना सांगितलंत का?

तुमच्याच पत्रातली दोन वाक्यं शेजारी ठेवा. पाच वर्षांपूर्वी तो म्हणायचा, जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय. तो आजार होता. आज घालतंय, हे खरं आहे. कधीतरी त्याला ती बाटली सापडेल, किंवा यजमान रागाच्या भरात बोलून जातील, किंवा सून आल्यावर चहा तिच्या हातात जाईल आणि तिला सामील करून घ्यावं लागेल. त्या दिवशी कोणता डॉक्टर त्याला समजावणार की तेव्हाचा तुझा संशय भ्रम होता? बरं होणाऱ्या माणसाला आपल्या मनातलं आणि बाहेरचं वेगळं ओळखायला शिकावं लागतं, तीच या आजारातली मोठी मेहनत. तुम्ही त्याच मेहनतीला सुरुंग लावून ठेवलाय.

सुरुवातीच्या महिन्यांबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. तो ताटाला हात लावत नव्हता, गोळी काय घेणार. तेव्हा जे सुचलं ते केलंत. पण तो बरा होऊन अडीच वर्षं झाली. रिक्षाचे हप्ते, परमिट, पासिंग सगळं बघणारा माणूस आहे तो. आता लपवणं हे त्याच्या आजारामुळे चाललेलं नाही, तुमच्या भीतीमुळे चाललंय.

ही भीती कुठून येते तेही मला कळतं. आपल्याकडे रत्नागिरीचं नाव घेतलं की अजून लोक एक विशिष्ट हसू हसतात. तिथलं मनोरुग्णांचं इस्पितळ १८८६ चं. ब्रह्मदेशच्या थिबा राजालाही इंग्रजांनी त्याच साली रत्नागिरीत आणून ठेवलं. राजाला विचारलं नव्हतं आणि रुग्णांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. वेड्यांच्या इस्पितळांचा १८५८ चा कायदा, मग १९१२ चा, दोन्हींत मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने माणूस आत जायचा. उपचार म्हणजे बव्हंशी भिंत आणि कुलूप. १९३८ मध्ये रोममध्ये विजेचे झटके सुरू झाले आणि तेही कित्येक वर्षं भूल न देता दिले जात. मग १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन या औषधाचा उपयोग कळला आणि पहिल्यांदा असं झालं की भ्रम, भास असलेला माणूस औषध घेऊन आपल्या घरात, आपल्या माणसांत राहू शकला. तुमच्या फळीवरची बाटली त्याच वंशातली. पण माणूस भिंतीबाहेर आला तरी त्याच्या वतीने ठरवण्याची सवय काही गेली नाही. साहेबाच्या हातातला जुडगा तेवढा आईच्या कमरेला आला.

याच्या उलट करणाराही एक माणूस आपल्याच देशात होऊन गेला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथेच राहायला बोलावलं. रुग्ण आणि नातेवाईक एकत्र, आजाराबद्दलचं बोलणं सगळ्यांसमोर. गर्दी, अपुरी माणसं, पैसा नाही अशा अवस्थेत त्यांनी हे केलं. मला तो तंबू फार आवडतो, कारण त्यात कुजबुज करायला जागाच नाही. पुढे लंडनला जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की स्किझोफ्रेनियातून सावरलेला माणूस ज्या घरात परततो तिथे सतत टोचणी असेल, राग असेल किंवा काळजीचा अतिरेक असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं. टोचणीचं खातं यजमानांकडे आहे. अतिरेकाचं कोणाकडे आहे ते तुम्ही ओळखलं असेलच.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर धरूनच चालतो की आजारी माणसालाही आपल्या उपचाराचं ठरवता येतं. त्याला समजेल अशा भाषेत सांगा, परिणाम सांगा आणि मग विचारा. त्याने घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून त्याला ठरवता येत नाही असं म्हणता येत नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे. आपल्या उपचाराचे कागद बघायचा हक्कही त्याचाच.

आणि गाऱ्हाणं आठवा. अख्ख्या गावादेखत, त्याचं नाव घेऊन, तो समोर उभा असताना गुरवाने देवाला सांगितलं की ह्या लेकराला असं असं झालंय, ह्याला सांभाळ, आणि सगळे मोठ्याने ‘होय म्हाराजा’ म्हणाले. तिथे तुम्हाला लाज वाटली नाही. मग डॉक्टरचं औषध तेवढं त्याच्याकडे पाठ करून का ओतायचं?

आता काय करायचं ते ऐका, एवढंच करायचं आहे. आज डॉक्टरांना फोन करा. चहाचं सांगा आणि म्हणा, पुढच्या खेपेला मी मुलाला घेऊन येणार आहे, त्याला सगळं सांगायचं आहे, मला तुम्ही समोर हवे आहात. त्यांना जास्त वेळाचा नंबर द्यायला सांगा. तोवर डोस मनाने बंद करू नका, कमीजास्त करू नका. अचानक थांबवलं तर ठाण्याचा महिना परत येईल. मुलाला निघताना एवढंच सांगा की तुझ्याच तब्येतीचं बोलायला चाललोय. तिथे बसल्यावर मात्र डॉक्टरांच्या आधी तुम्ही बोला: ‘तू अडीच वर्षं चांगला आहेस त्यात या औषधाचा मोठा वाटा आहे. तू तेव्हा घेत नव्हतास म्हणून मी तुला न सांगता दिलं. तू बरा झाल्यावर सांगायला हवं होतं, मी घाबरले.’ मग गप्प बसा. तुम्ही रडायला लागलात तर तो तुम्हालाच समजावत बसेल आणि त्याचं राहून जाईल.

तो चिडेल. चिडू दे. चार दिवस तुमच्या हातचा चहा घेणार नाही, कदाचित चार महिने. औषध नको म्हणाला तर ते डॉक्टरांसमोर म्हणू दे. तिथे गोळीचं बोलता येईल, महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचं बोलता येईल, कमी सुस्ती आणणाऱ्या औषधाचं बोलता येईल. ठाण्याला जे झालं त्याची तारीख आणि औषध चुकल्याची तारीख त्याच्यापुढे ठेवा. मुंबईत नोकरी केलेला माणूस आहे, हिशेब त्याला कळतो. झोप उडणं हे त्याचं पहिलं लक्षण दिसतंय, तेही त्याला स्वतःला माहीत असू दे, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी तो डॉक्टर गाठेल. रात्रीअपरात्री काही वाटलं तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलतात, तुम्हालाही बोलता येईल.

यजमानांना त्या दिवशी नेऊ नका. त्यांच्याशी नंतर डॉक्टर बोलतील, आणि ‘आळशी’ हा शब्द घरातून काढून टाकायला सांगतील.

लांज्याला निरोप पाठवा की दोन महिने थांबा, मुलगा स्वतः येऊन मुलीशी बोलणार आहे. कशाबद्दल, असं विचारलं तर तोच सांगेल म्हणा. त्यांना थांबायचं नसेल तर हे स्थळ जाऊ द्या.

— माई